वरल्या रानातली चक्कर

दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला थांबले होते आणि समोरच्या फ्लेक्सवरून आई माझ्याकडे बघत होती. कोल्हापुरात फ्लेक्सवर कोण येईल याचा नेम नाही. वाढदिवसवाले येतात, निवडून आलेले येतात, पडलेले येतात, म्हशीचा पहिला नंबर आलेले म्हशीसकट येतात, पण आई? तिच्या शेजारी लाल रंगाची, जाड्याजुड्या चाकांची गाडी होती, गाडीवर गॉगल लावलेला कुणी परका मुलगा हवेत उडाला होता आणि खाली ठसठशीत अक्षरं होती : अंबूबाई ॲडव्हेंचर पार्क, कसबा बावडा. एटीव्ही राईड. मातीत या, मजा करा. कोपऱ्यात गोल चौकटीत आई, डोक्यावरून पदर, आणि तिच्या खाली 'प्रेरणास्थान'. माझी आई जन्मात कधी सायकलवर बसली नव्हती. एसटीत बसली तरी पुढच्या सीटची दांडी दोन्ही हातांनी धरून बसायची आणि उतरल्यावर तिची बोटं पांढरी पडलेली असायची. सिग्नल सुटला तो मला कळलाच नाही. मागे हॉर्न वाजायला लागले आणि मला क्षणभर ॲक्टिव्हा पुढे कशी न्यायची तेच सुचेना, हात मुठीवर होता पण त्याचं काय करायचं ते हाताला ठाऊक नव्हतं. "ओ मॅडम, झोप काडून या की घरातनं," रिक्षावाला शेजारून जाताना म्हणाला. बरोबरच होतं त्याचं. मी गाडी कडेला घेतली, स्टँडवर लावली आणि तिथे उभं राहून सम्राटला फोन लावला.

सम्राट माझा धाकटा भाऊ. बावड्याची शेती तो बघतो, म्हणजे बघायचा. ऊस काढून तो काहीतरी पार्क-बिर्क करतोय हे कानावर होतं; पण तो दर वर्षी काहीतरी करतच असतो, ढोबळी मिरची काय, शेळ्या काय, म्हणून मी फार लक्ष दिलं नव्हतं. "फ्लेक्स बघितलास व्हय आक्का? कसा झालाय?" त्याने आधी हेच विचारलं. मी म्हटलं, मला एका शब्दाने विचारायचं तरी होतंस. "आईचं नाव द्यायला तुला काय इचारायचं? आई माजीबी हाय की." मग त्यानेच पुढे सुरू केलं, जणू फोन त्याने मला केला होता. "बरं झालं फोन केलास. आयतवारी दुपारी जेसीबी येतोय. वरल्या रानात चिखलाचा मोठा खड्डा काढायचाय, पोरास्नी चिखलच लागतोय. तवा आईची जागा तेवढी दावून जा. तेवढं सोडतो, कट्टा बांधतो भोवतीनं." मी विचारलं, आणि नाही दाखवली तर? "तर काय. मला काय म्हाईत ती कुठं हाय? तूच घातलीस न्हवं."

तूच घातलीस. यात टोमणा होता की नव्हता हे मी रविवारपर्यंत ठरवत बसले. शाळेत दहावीच्या वर्गाला भारताचा आराखडा भरायला दिला होता, मुलं नद्या डोंगरावर चढवत होती आणि मी खिडकीशी उभी राहून तेच वाक्य वेगवेगळ्या आवाजांत म्हणून बघत होते. खरं तर त्यात काही खोटं नव्हतं. आई गेली ती एकवीस सालच्या मे महिन्यात, कोरोनात. सम्राट त्याच दवाखान्यात वरच्या मजल्यावर ऑक्सिजनवर होता, त्याला आई गेल्याचं सांगायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. माझा नवरा घरी तापाने फणफणलेला. पाव्हण्यांपैकी कुणी यायचा प्रश्नच नव्हता. स्मशानभूमीतल्या माणसाने चिठ्ठी बांधलेलं मडकं लांबून कट्ट्यावर ठेवलं, मी ते पिशवीत घालून ॲक्टिव्हाच्या पायाशी ठेवलं आणि बावड्याला गेले. आमच्याकडे बऱ्याच घरांत आता रक्षा नदीत सोडत नाहीत, आपल्याच शेतात खड्डा काढून घालतात आणि त्यावर झाड लावतात. वडलांच्या वेळी नदीची पद्धत होती, पण आईने सांगून ठेवलं होतं की मला पाण्यात घालू नका, मला पाण्याची भीती वाटते. तर मी एकटी गेले, वरल्या रानात रक्षा घातली आणि आले. रोपवाटिका बंद होत्या, झाड मागाहून लावू म्हटलं, ते मागाहून राहून गेलं. पुढे जो तो विचारायचा, रक्षा कुठे घातली? मी म्हणायचे, वरल्या रानात. वरल्या रानात कुठे? मग मी सांगायचे. सांगून सांगून घरात 'आईची जागा' असा शब्दच तयार झाला. आईच्या जागेला बांधावरूनच नमस्कार करून ये, आईच्या जागेकडे नारळ फोड. सम्राट मात्र दवाखान्यातून परतल्यापासून एकदाही त्या विषयावर माझ्याशी नीट बोलला नव्हता. आजवर त्याने विचारलं होतं ते एवढंच, आणि तेही जेसीबीसाठी.

जागा मला पक्की ठाऊक होती. मी भूगोल शिकवते. जागा सांगायची म्हणजे खुणा लागतात आणि माझ्याकडे त्या होत्या. डोक्याच्या वर गेलेला ऊस, डाव्या हाताला पाण्याचा पाट, आणि उसाच्या तुऱ्यांवरून सरळ समोर साखर कारखान्याची चिमणी, तिचा पांढरा धूर बावड्याच्या बाजूला कललेला, आणि नाकात मळीचा आंबूस वास. डोळे मिटले की हे चित्र जसंच्या तसं समोर यायचं. म्हणजे जायचं, बोट दाखवायचं, चहा प्यायचा आणि परत यायचं, इतकं सोपं होतं. असं मी रविवारी सकाळी गाडी काढताना नवऱ्याला सांगितलंसुद्धा. तो म्हणाला, मग तू काल रात्रभर झोपली का नाहीस?

वरलं रान तिथे नव्हतं. म्हणजे होतं, त्याच रस्त्याला, त्याच वळणावर, पण फाटकावर कमान होती, कमानीवर पुन्हा आई होती, आणि आत सगळी लाल-काळी माती उकरून ढीग केलेले, खड्डे केलेले, वळणावळणाची वाट, वाटेच्या कडेला पांढरे रंगवलेले जुने टायर. ऊस नाही हे मला ठाऊक होतं. पण ऊस नसला की रान इतकं लहान होतं आणि इतकं परकं होतं, हे कोण सांगणार? पाट कुठे होता? बांध कुठे होते? आमच्या आणि शेजारच्या नेमगोंडा पाटलांच्या मधल्या बांधावरून आई आणि त्यांच्या घरच्या रत्नाबाई जन्मभर भांडल्या, तो बांध मला ओळखता येईना. मी आत पाऊल टाकणार तेवढ्यात सम्राट टपरीवजा ऑफिसातून धावत आला. त्याने पार्कचं नाव लिहिलेला टी-शर्ट घातला होता, पोटावर तो ताणून बसला होता. "आत चालत न्हाय सोडत, आक्का. आयतवार हाय, गाड्या फिरत्यात, एकादी अंगावर आली म्हंजे?" मी म्हटलं, अरे माझंच रान आहे. "तुजं हाय, पर गाडीवाल्याला काय म्हाईत तुजं हाय त्ये? एक चक्कर मार गाडीवर, सगळं रान बघून हुतंय. स्वप्नाली हाय फुडं, तिच्या मागनं जायाचं निस्तं." आणि मग जरा खालच्या आवाजात, "तीनाच्या पुडं जेसीबी सुरू करतोय बग."

स्वप्नाली म्हणजे तिथली गाईड. तिशीच्या आतबाहेरची, दणकट, कानात वाळ्या आणि डोक्यावर हेल्मेट, आणि कोल्हापुरातल्या बायांसारखी स्वतःला 'येतो-जातो' म्हणणारी. शाळेत मी मुलींचं हे बोलणं सुधारत आले आणि घरी फोनवर स्वतः तसंच बोलत आले. "मॅडम, मी सांगतो तेवढंच करायचं. आपलं डोकं लावायचं न्हाय." असं सांगून तिने माझ्या डोक्यावर हेल्मेट बसवलं, चष्म्याखालून नाकातोंडाला धुळीसाठी रुमाल बांधला, गाडीची दोरी माझ्या मनगटाला अडकवली, म्हणजे मी पडले तर गाडी बंद पडेल. हे ऐकून मला धीर यायच्या ऐवजी पडणं हा कार्यक्रमाचाच भाग आहे असं वाटायला लागलं. ॲक्टिव्हासारखी मूठ पिळायची नाही, ती पिळली जातच नाही. उजव्या अंगठ्याखाली एक पट्टी आहे, ती दाबायची. वळताना गाडी आडवी करायची नाही, हँडल वळवायचं आणि आपण स्वतः वरच्या अंगाला झुकायचं. आणि काय वाट्टेल ते झालं तरी पाय खाली टेकायचा नाही. "दोन चाकीवाल्यांची हीच खोड हाय. गाडी जरा कलली की पाय खाली. मागचं चाक पायावरनं जातंय मग. गाडीला चार पाय हायती मॅडम, तुमचे नकोत." मी मान डोलावली. मान डोलावणाऱ्या मुलांना काही समजलेलं नसतं हे मला इतक्या वर्षांत कळायला हवं होतं.

मी मूठ पिळली. काहीच झालं नाही. पुन्हा पिळली, आणि त्या नादात अंगठा दाबला गेला आणि ती गाडी मला घेऊन अशी सुटली की माझ्या तोंडातून आवाजही निघाला नाही. अंगठा सोडायचा हे डोक्याला ठाऊक होतं, हाताला नव्हतं. पहिल्या उंचवट्यावर गाडी कलली आणि माझा उजवा पाय, इतक्या वर्षांच्या सवयीचा, इमानदारीत खाली गेला. टाचेला काहीतरी घासून गेलं. "पाय वर! मॅडम, पाय!" स्वप्नाली पुढून ओरडत होती. बुटाची मागची कड फाटली होती, बाकी काही नाही. तिने मूठ वर करून मला थांबवलं, बुटाकडे बघितलं आणि पुन्हा पुढे निघाली. त्यानंतर मी जे काही करत होते त्याला चालवणं म्हणत नाहीत. तिच्या चाकांच्या खुणा दिसत होत्या, मी त्यांत माझी चाकं ठेवत होते, एवढंच. खाली-वर, खाली-वर. आणि या सगळ्यात मला जागा शोधायची होती.

मी चिमणी शोधली. ती सापडली, चिमणी काही जेसीबीने हलत नाही. हंगाम चालू होता, धूर निघत होता, पांढरा, जाड, बावड्याच्या बाजूला कललेला. मळीचा वास रुमालातूनही आला आणि मला एकदम हायसं वाटलं. बरोबर, हेच ते. आता चिमणी समोर सरळ आली पाहिजे आणि पाट डावीकडे. पण वाट वळायची आणि चिमणी उजवीकडे जायची. पुन्हा वळायची आणि चिमणी पाठीमागे. एका ढिगाच्या माथ्यावर ती बरोबर समोर आली, मी म्हटलं इथेच. मग पुढच्या ढिगाच्या माथ्यावरूनही ती बरोबर समोर होती, आणि त्याच्या पुढच्याही. चिमणी इतकी लांब होती की रानात कुठेही उभं राहिलं तरी ती समोरच येणार होती. हे मी सहावीच्या मुलांना शिकवते. एका खुणेवरून जागा ठरत नाही, दुसरी खूण लागते. दुसरी खूण पाट. पाट बुजवला होता. तिसरी ऊस. मला हसू यायला लागलं आणि ते रुमालातच राहिलं. चक्कर पुरी झाली, फाटकापाशी सम्राट उभा होता, त्याने भुवया उंचावून विचारलं, मी नुसता हात हलवला आणि स्वप्नालीला म्हटलं, अजून एक. ती म्हणाली, "हळूहळू येतंय की तुमाला." तिला वाटलं मला मजा येतेय.

दुसऱ्या चकरेला मला आई दिसायला लागली. म्हणजे भास वगैरे नाही, तसल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. पण त्या चित्रात, ऊस, पाट आणि धुराच्या चित्रात, आई उभी होती. याच्या आधी ती त्यात कधी नव्हती, की होती आणि मी तिला गृहीत धरलं होतं? डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, बाह्या मनगटापर्यंत, उसाच्या पात्याने गाल कापलेला. ती पाटाच्या कडेला उभी राहून मला हाक मारत होती, नंदे, चहा आण की, तोडकरी खोळंबलेत. माझं नाव राजनंदिनी, पण ते एवढं मोठं नाव आईने फक्त शाळेच्या दाखल्यापुरतं ठेवलं होतं. मी किटली घेऊन यायचे आणि उसातून मला आधी चिमणी दिसायची, मग आईचा टॉवेल. पण तिची रक्षा जिथे घातली तिथे ती स्वतः उभी कशी असेल? गाडी खड्ड्यातून वर येत होती आणि मी हा हिशोब घालत होते. तोडकरी होते म्हणजे तोड चालू होती. तोड चालू होती म्हणजे कारखाना चालू होता, म्हणून धूर. आई गेली मे महिन्यात. मे महिन्यात कारखाना बंद असतो. मे महिन्यात धूर कुठून आला?

स्वप्नाली डावीकडे वळली आणि मी वळले नाही. मी ठरवून वळले नाही असं नव्हे. मी त्या धुराकडे बघत होते आणि माणूस जिकडे बघतो तिकडे ती गाडी जाते. टायरांच्या मधून मी बाहेर पडले, एका मऊ ढिगावर चढले, मागची चाकं आत रुतली आणि गाडी एका अंगाला कलून थांबली. यावेळी मी पाय खाली टेकला नाही. दोरी खेचली गेली, इंजिन बंद पडलं. सगळीकडे एकदम शांत झालं, आणि मला काहीच दिसेना. रुमालातून तोंडाची वाफ वर येऊन चष्म्यावर बसली होती. समोर नुसतं पांढरं. मी काच पुसली नाही. हे पांढरं मला ओळखीचं होतं. हेच होतं त्या दिवशी. डबल मास्क, वर चष्मा, मे महिन्यातलं ऊन, आणि रडत असल्यामुळे की घामामुळे कोण जाणे, पण काचांवर वाफ धरली होती ती शेवटपर्यंत हटली नव्हती. पुसायची तर हात राखेचे. मी चिमणी पाहिली नव्हती. पाट पाहिला नव्हता. ऊस तर डोक्याच्या वर नव्हताच, त्या साली खोडवा होता, फेब्रुवारीतल्या तोडीनंतर बुडख्यांतून पुन्हा फुटलेला, मे महिन्यात जेमतेम गुडघ्याला लागत होता. मी काही म्हणजे काहीच पाहिलं नव्हतं. पाव्हण्यांना, नवऱ्याला, शाळेतल्या बायांना, इतकी वर्षं मी जी जागा सांगत आले ती आई जिथे जिवंत उभी असायची ती जागा होती.

मला भीती वाटली, ती अगदी साधी, लहान मुलाला वाटते तशी. आता सम्राटला काय सांगू? कुठेतरी बोट दाखवायचं आणि मोकळं व्हायचं, हा विचार माझ्या मनात आला, आला कशाला, चांगला ठाण मांडून बसला. याच ढिगाकडे दाखवू. तो कट्टा बांधेल, वर तुळस लावेल, फ्लेक्स लावेल म्हणा, त्याचं समाधान होईल, कुणाचं काय जातंय? पण मग दर वर्षी त्या कट्ट्यापुढे मला हात जोडून उभं राहावं लागेल, आणि बाकीच्या सगळ्या रानावरून चिखल उडवत पोरं फिरतील, आणि त्यात कुठे आई असेल ते कुणालाच ठाऊक नसेल, मला ठाऊक नसेल हे फक्त मला ठाऊक असेल. "लागलं काय मॅडम?" स्वप्नाली आली होती. तिने मला धरून उतरवलं, गाडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि काय समजायचं ते समजून शिट्टी वाजवली. फाटकाकडून सम्राट चालत यायला लागला. त्याच्या मागे बांधाच्या जागी, म्हणजे जिथे बांध असावा असं मला वाटत होतं तिथे, पिवळा जेसीबी येऊन उभा होता.

"हीच व्हय?" सम्राट ढिगाकडे बघत म्हणाला. त्याचा आवाज एकदम मऊ झाला होता. त्याने पायातले बूट काढायला एक पाय उचलला.

"नाही," मी म्हटलं. "सम्राट, मला माहीत नाही."

"न्हाय म्हंजे?"

मी त्याला सांगितलं. चष्मा, वाफ, मे महिना, धूर. मी काय बोलत होते ते त्याला कितपत कळत होतं देव जाणे, मलाच ते एकामागून एक येत नव्हतं. त्याने उचललेला पाय खाली ठेवला. "मग आत्तापतोर सगळ्यास्नी सांगत हुतीस ती कंची जागा?" मी म्हटलं, आई चहाला उभी राहायची ती. त्याने तोंड फिरवलं. "तुला एवडं एकच काम हुतं गं," तो म्हणाला, आणि या वेळी टोमणा होता, मी त्याची वाट बघत होते आणि तो आल्यावर मला बरंच वाटलं. "खड्डा काडलावतास न्हवं? खड्डा काडाय दम लागला असंल, कुदळ कुठनं आणलीस, काय तरी आठीवतंय का न्हाय?"

खड्डा. मी माझ्या हाताकडे पाहिलं. अंगठा दाबून दाबून तो आखडला होता, मूठ उघडत नव्हती. कुदळ? मी कुदळ आणलीच नव्हती. मडक्याचं तोंड अरुंद होतं, हात आत जायचा पण भरली मूठ बाहेर यायची नाही, थोडं सोडून द्यावं लागायचं, हे हाताला एकदम आठवलं. ती रक्षा वाटली होती तशी मऊ नव्हती, खरखरीत होती, मधेच खडा लागायचा. आणि मी वाकत होते, उठत होते, पुढे सरकत होते. उसाच्या सरीतून. वाकायचं, उठायचं, पुढे. हे मी पूर्वी कुणाला तरी करताना पाहिलं होतं, शंभरदा पाहिलं होतं. "मी खड्डा काढलाच नाही रे," मी म्हटलं. "एका जागी घातलीच नाही. काय करायचं ते सांगायला कुणी नव्हतं. आई लागवड टाकायची बघ उसाला, तशी टाकली. बुडख्याला एक मूठ, बुडख्याला एक मूठ. संपेपर्यंत चालत गेले."

लागवड म्हणजे आमच्याकडे खत. ओटीत पोतं बांधून आई सरीतून चालायची आणि प्रत्येक बुडख्याशी वाकून मूठ सोडायची, कधी एकही चुकवायची नाही. सम्राटने रानाकडे पाहिलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, ढिगांवरून, टायरांवरून, हवेत उडणाऱ्या पोरांवरून.

"लागवडीगत," तो म्हणाला.

"हं."

"त्यो खोडवा फुडल्या साली तोडला आपुन. कारखान्याला घातला." तो शेतकऱ्याचा मुलगा, त्याचं डोकं सरीसरीने पुढे जात होतं. "त्या सालची सभासदाची साखर आली दिवाळीला. तुला दिलतं की मी, एक पोतं."

"दिलेलंस."

"काय केलीस?"

"करंज्या केल्या. तूच खाल्ल्यास की, भाऊबीजेला."

आधी त्याला हसू आलं की मला, ते सांगता येणार नाही. ते बरं हसू नव्हतं. पोटातून काहीतरी सुटून वर येत होतं आणि त्याला दुसरा रस्ता नव्हता म्हणून ते हसू होऊन येत होतं. स्वप्नाली गाडीच्या चाकातली माती काढत बसली, आमच्याकडे पाठ करून. जेसीबीवाल्याने लांबून हाक दिली, "दादा, कुठनं घ्यायचं?" सम्राटने हात वर करून त्याला थोपवलं आणि तो त्या ढिगावर खाली बसला, टी-शर्ट वर सरकला, पोट उघडं पडलं, त्याला भान नव्हतं. एवढा मोठा बाप्या माणूस, आणि मला तो दवाखान्यात नाकात नळी घातलेला दिसला. मी रोज वॉर्डाच्या काचेच्या खिडकीतून त्याला हात करायचे आणि तो खुणेनं विचारायचा, आई? आणि मी अंगठा वर करायचे, बरी आहे. आई जाऊन चार दिवस झाले होते तेव्हाही मी अंगठा वर केला होता.

"आक्का," तो खाली मातीत बघत म्हणाला, "माझ्या नावानं टाकलीवतीस का एकांदी मूठ?"

म्हणजे त्याला हे विचारायचं होतं. जागा त्याला नकोच होती, की हवी होती पण ती या प्रश्नाच्या नंतर. इतकी वर्षं माझ्याशी तो या विषयावर बोलला नाही, मी समजत होते त्याला राग आहे, आणि तो हा एवढा प्रश्न तोंडात धरून बसला होता. पोरगा म्हणून त्याने करायचं होतं ते सगळं माझ्या हातून झालं, आणि त्यात आपण होतो की नव्हतो हे त्याला ठाऊक नव्हतं.

"पयली तुझीच," मी म्हटलं.

जराही न थांबता म्हटलं. ते मला आठवत होतं की त्याच क्षणी तोंडातून निघालं, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही सांगता येत नाही. मघापासून मी खोटी जागा दाखवायची नाही म्हणून स्वतःशी झगडत होते, आणि हे मात्र असं सरळ निघालं. मला वाटतं ते खरं असावं. पहिल्या मुठीला मी थांबले होते, कुणाचं तरी नाव घेतलं होतं, ते दुसऱ्या कुणाचं असणार?

"दादा, सुरू करू का?" जेसीबीवाला पुन्हा ओरडला. "थांब म्हटलं न्हवं का तुला?" सम्राट बसल्या जागेवरून म्हणाला, आणि त्याचा आवाज इतका फाटला की तिकडे इंजिन बंद झालं.

मग त्याने मला विचारलं, "कंच्या हातानं टाकलीस?"

"उजव्या."

त्याने वर हात करून माझा उजवा हात ओढून घेतला. धुळीने माखलेला होता, अंगठा अजून आखडलेलाच होता. त्याने तो दोन्ही हातांत धरला, आखडलेलं एकेक बोट सरळ केलं, आणि तळवा आपल्या कपाळाला लावून बसला. पोरं गाड्यांवरून आमच्याकडे बघत जात होती. मला वाकून उभं राहून पाठीला कळ लागली, पण त्याने हात सोडला नाही आणि मीही काढून घेतला नाही.